ड्रेस्डेनचे कँटर रुडॉल्फ माउअर्सबेर्गर

मंडळी, आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते रुडॉल्फ माउअर्सबेर्गर एकेचाळीस वर्षं एकाच गायकवृंदाचे संचालक होते. १९३० साली त्यांनी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या क्रॉइत्सकोरची सूत्रं हाती घेतली आणि २२ फेब्रुवारी १९७१ रोजी, पदावर असतानाच, त्यांचा मृत्यू झाला. या काळात त्यांनी तीन राजवटी पाहिल्या आणि एक शहर जळताना पाहिलं.

क्रॉइत्सकोर हा मुलांचा वृंद. तेराव्या शतकापासूनची परंपरा तो सांगतो. क्रॉइत्सकिर्ख या चर्चमध्ये गाणं हे त्याचं मुख्य काम. लहान मुलं सोप्रानो आणि आल्टो हे वरचे स्वर गातात, आवाज फुटलेली मोठी मुलं टेनर आणि बास हे खालचे स्वर गातात. शाळा, वसतिगृह, तालीम सगळं एकत्र. संचालकाची अडचण लक्षात घ्या. नऊ-दहा वर्षांच्या पोराचा गळा तो तयार करतो, दोन वर्षांनी तो आवाज खऱ्या अर्थानं हाताशी येतो आणि थोड्याच काळात फुटतो. म्हणजे वाद्य बनवायचं, जेमतेम वाजवायचं आणि पुन्हा नवं बनवायला बसायचं. असं असूनही वृंदाचा नाद तोच राहिला पाहिजे. माउअर्सबेर्गर यांनी चार दशकं तो राखला. मला हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १८८९चा, सॅक्सनीतल्या एर्त्सगेबिर्ग डोंगराळ भागातल्या माउअर्सबेर्ग गावचा. वडील तिथले कँटर, म्हणजे चर्चच्या संगीताची जबाबदारी सांभाळणारे. शिक्षण लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात. पुढे आखेनला काम केलं, नंतर थोर जर्मन संगीतकार बाखचं जन्मगाव असलेल्या आयझेनाखला. तिथे त्यांनी बाखच्या नावाचा वृंद उभा केला. तिथून ड्रेस्डेन.

आता एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. मे १९३३ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३५ आणि १९३८ मध्ये वृंद अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, आणि त्या दौऱ्यांनी कोणत्या जर्मनीची शोभा वाढली हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर १९३८ मध्ये ड्रेस्डेनचं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं. गॉटफ्रीड झेम्परसारख्या वास्तुकाराचं ते काम होतं. शहराला पहिली आग लागली ती तेव्हा.

दुसरी आग १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री लागली. ब्रिटिश आणि मग अमेरिकी विमानांच्या हल्ल्यांत शहराचा मध्यभाग भस्मसात झाला. इतिहासकारांच्या समितीनं पुढे मृतांचा आकडा जास्तीत जास्त पंचवीस हजार ठरवला. क्रॉइत्सकिर्ख आतून जळून गेलं, शाळा गेली, स्वरलिपींचा संग्रह गेला. वृंदातली ११ मुलं मेली. माउअर्सबेर्गर वाचले आणि आपल्या गावी गेले.

तिथे मार्चअखेर, गुड फ्रायडे आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी एक रचना लिहिली. वाद्यं नाहीत, फक्त गळे. शब्द बायबलमधल्या विलापगीतातले, जेरुसलेमच्या नाशावरचे. माणसांनी गजबजलेली नगरी कशी ओसाड पडली आहे, पवित्र स्थानाचे दगड रस्त्यारस्त्यांवर विखुरले आहेत, वरून आग माझ्या हाडांत शिरली आहे. मग प्रश्न येतो की सर्वांत सुंदर म्हणत ती हीच का नगरी? ड्रेस्डेनच्या माणसाला तो प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीचा वाटणं शक्यच नव्हतं.

४ ऑगस्ट १९४५, शनिवार. जळक्या चर्चमध्ये उरलेल्या मुलांनी ही रचना पहिल्यांदा गायली. हे आधी मनात ठेवून मग ऐका. सुरुवात खालच्या, रिकाम्या स्वरांत आहे. 'कशासाठी?' हा देवाला विचारलेला प्रश्न येतो तेव्हा आवाज एकावर एक चढत जातात. त्या जागी माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पण मूळ विलापगीत शेजारी ठेवून पाहिलं की एक गाळलेली जागा दिसते. पाचव्या अध्यायात 'आम्ही पाप केलं, आमचा धिक्कार असो' असं म्हटलं आहे आणि त्याला जोडूनच 'म्हणून आमचं हृदय दुःखी झालं आहे' हे वाक्य येतं. माउअर्सबेर्गर यांनी दुसरं वाक्य घेतलं, पहिलं सोडलं. दुःख उरलं, त्याचं कारण गेलं. त्यांच्या मनात काय होतं याचा निवाडा मी करणार नाही. अकरा मुलं गमावलेला माणूस सहा आठवड्यांनी लिहायला बसला होता, हे मी विसरत नाही. तरी ते वाक्य तिथे असायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. रचना त्यानं कमी सुंदर झाली नसती, अधिक खरी झाली असती.

पुढे १९४७-४८ मध्ये त्यांनी ड्रेस्डेन रेक्विएम लिहिलं. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत. तीन वृंद चर्चमध्ये तीन ठिकाणी उभे राहतात, त्यांतला एक दूरवर. या कामात ते कित्येक वर्षं फेरबदल करत राहिले. १३ फेब्रुवारी १९५५ रोजी चर्च पुन्हा उघडलं तेव्हा आतल्या भिंतींना मुद्दाम खरबरीत गिलावाच ठेवला होता. तो आजही तसाच आहे.

पूर्व जर्मनीच्या समाजवादी राजवटीत मुलांकडून चर्चचं संगीत गाऊन घेणं सोपं नव्हतं. ते त्यांनी सोडलं नाही. हाइनरिख श्युत्स या सतराव्या शतकातल्या ड्रेस्डेनच्या संगीतकाराकडे ते वारंवार वळले. श्युत्सनंही तीस वर्षांच्या युद्धात आपलं संगीतमंडळ विस्कटताना पाहिलं होतं. मोजक्या गळ्यांत आणि कमी साधनांत लिहिण्याची त्याची रीत माउअर्सबेर्गर यांच्या मुलांना नेमकी मानवली.

विद्यार्थी पाहा. म्युनिकला बाखचं मोठं केंद्र उभं करणारा कार्ल रिख्टर याच शाळेचा. बास-बॅरिटोन थिओ आडाम इथलाच. आणि पेटर श्रायर. हा मुलगा युद्धानंतर आल्टो गात असे. माउअर्सबेर्गर यांनी खास त्याच्या आवाजासाठी रचना लिहिल्या. तो आवाज फुटल्यावर त्यातून जगभर नावाजलेला टेनर निघाला.

यातले दोघे तुम्हाला एकाच ठिकाणी ऐकता येतील. १९७० साली बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'चं, म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूची कथा सांगणाऱ्या संगीतरचनेचं, ध्वनिमुद्रण ड्रेस्डेनमध्ये झालं. या रचनेला दोन वृंद लागतात. एक रुडॉल्फ यांचा, दुसरा लाइपझिगचा टोमानरकोर. त्याचे संचालक होते त्यांचे धाकटे भाऊ एऱ्हार्ड. साथीला लाइपझिगचा गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा, निवेदकाच्या भूमिकेत श्रायर, ख्रिस्ताच्या भूमिकेत आडाम. आजच्या चपळ सादरीकरणाची सवय असेल तर लय संथ वाटेल. मुलांच्या आवाजाला एक रांगडी धार आहे, ती गुळगुळीत केलेली नाही. मला हे ध्वनिमुद्रण त्या धारेसाठीच आवडतं. पहिलं वृंदगीत ऐकताना दोन्ही वृंद वेगवेगळे ओळखण्याचा प्रयत्न करा, सवाल करणारे कोण आणि जबाब देणारे कोण ते.