ऑईलची पट्टी नेमके काय सांगते?

(रत्नागिरी येथे वाहनप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

इंजिनात ऑईल किती आहे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पट्टीवर, म्हणजे ऑईल मोजण्याच्या डिपस्टिकवर, दिसणारी पातळी केवळ ऑईलवर ठरत नाही; गाडी कशी उभी आहे, इंजिन किती तापले आहे आणि ते बंद करून किती वेळ झाला आहे, या तिन्ही गोष्टी त्या एका रेषेत मिसळलेल्या असतात. नेहमीच्या घरगुती गाडीत त्यातली थोडीफार चूक खपून जाते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मात्र ती महागात पडू शकते, म्हणून मोजमाप नीट झाल्याशिवाय ऑईलच्या डब्याचे झाकणसुद्धा उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते आणि आपल्याकडे अडचण तिथूनच सुरू होते. पावसाचे पाणी साचू नये म्हणून कोकणात अंगणाला मुद्दाम उतार दिलेला असतो. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या चिऱ्यांच्या फरसबंदीवर गवंड्याची पाणसळ ठेवून पाहा, बुडबुडा एका बाजूला सरकलेला आढळेल. स्पोर्ट्‌स कारचे इंजिन शक्य तितके खाली बसवता यावे म्हणून तिचे ऑईल चेंबर बहुधा उथळ आणि पसरट केलेले असते. अशा चेंबरमध्ये थोड्याशा उतारानेही ऑईल एका कडेला जमते आणि पट्टीवरचा आकडा बदलतो. एकदा पाणसळ लावून जागा नक्की करावी, चाकांच्या खुणा रंगाने आखून ठेवाव्यात आणि दर वेळी तिथेच मोजावे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. काट्यावर पाण्याचे तापमान लवकर वर येते, पण ऑईल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. बाजारापर्यंत जाऊन परत येणे त्यासाठी पुरेसे नाही. ज्या गाडीत ऑईल थेट इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठते, तिथे चांगली फेरी मारून इंजिन बंद करावे, ऑईल खाली निथळण्यासाठी पाच ते दहा मिनिटे थांबावे, पट्टी काढून धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, पूर्ण खाली जाईपर्यंत पुन्हा घालावी आणि मगच वाचावी. पहिल्यांदा काढलेली पट्टी वाचू नये, तिच्यावर नळीत उडालेले ऑईल असते. पट्टीच्या दोन बाजूंना पातळी वेगळी दिसली, तर खालची खरी मानावी.

ड्राय सम्प असलेल्या गाड्यांत मात्र हा सगळा क्रम उलटतो आणि जाणकारही इथेच फसतात. या रचनेत ऑईल वेगळ्या टाकीत साठवलेले असते. एक पंप ते इंजिनाच्या तळातून उपसून टाकीत आणतो आणि दुसरा टाकीतून बेअरिंगकडे दाबाने पाठवतो. आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात एकामागून एक वळणे घेताना ऑईल बाजूला लोटले जाते, तरी पंपाचे तोंड उघडे पडू नये, हा तिचा एक मोठा फायदा. १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या पोर्शे ९११ च्या हवेने थंड होणाऱ्या पिढ्यांत हीच रचना होती आणि त्यांची पातळी सपाट जागी, इंजिन पूर्ण तापलेले आणि चालू असताना पाहायची असते. इंजिन बंद राहिले की टाकीतले ऑईल हळूहळू इंजिनात झिरपते. सकाळी थंड गाडीची पट्टी काढणाऱ्याला ती जवळजवळ कोरडी दिसते. तो घाबरून लिटरभर ऑईल ओततो, मग इंजिन सुरू होताच खाली उतरलेले ऑईलही टाकीत परतते आणि जास्तीचे ऑईल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदर) हवेच्या मार्गात शिरते.

२००४ साली आलेल्या ९११ च्याच ९९७ पिढीच्या कॅरेरात तर पट्टीच नाही, पातळी डॅशबोर्डवरच्या पडद्यावर दिसते. तिथेही अटी सुटत नाहीत.

आता भर घालण्याविषयी. अनेक इंजिनांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचे अंतर असते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. पातळी मध्यावर असेल तर एकदम अर्धा लिटर ओतण्याऐवजी पाव लिटर घालावे, थांबावे, पुन्हा मोजावे. नरसाळे कोरडे आणि स्वच्छ हवे. आपल्या दमट हवेत शेडमध्ये टांगलेल्या नरसाळ्याला धूळ आणि ओल दोन्ही चिकटतात.

ग्रेडच्या, म्हणजे ऑईलच्या घट्टपणाच्या श्रेणीच्या, बाबतीत एक गैरसमज ऐकू येतो, की कोकणात थंडीच नाही, तर ०डब्ल्यू-४० कशाला, जाड ऑईल घालावे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहाचा आहे हे खरे. तरीही ४० अंशांवर असे ऑईल १०० अंशांवरच्यापेक्षा पाचपटीहून अधिक घट्ट असते, म्हणजे आपल्या हवेतही पहाटेचे इंजिन ऑईलच्या दृष्टीने थंडच. उलट, ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३ ला निर्मात्याने १०डब्ल्यू-६० सांगितले, ते त्या वेगवान इंजिनाची गरज पाहून. निर्णय इंजिनाचा असतो, गावाच्या हवामानाचा नव्हे.

जास्त ऑईल म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज मला कमी ऑईलइतकाच धोकादायक वाटतो. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. पातळी क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्यापर्यंत, चढली, तर ताक घुसळावे तसे ऑईल घुसळले जाऊन त्यात हवा मिसळते. फेसाळ ऑईल दाब धरत नाही आणि बेअरिंगवरचा थर तुटतो. त्यातले काही जळून धूर होतो आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो. म्हणून जास्त झालेले ऑईल पट्टीच्या नळीतून पिचकारीने ओढून किंवा खालचा बोल्ट सैल करून काढावे, ‘चालवून संपेल’ म्हणून सोडू नये.

पावसाळ्यात फिलर कॅपखाली, म्हणजे ऑईल ओतण्याच्या तोंडावरच्या झाकणाखाली, फिकट पिवळसर, दाट थर का दिसतो, असे एका श्रोत्याने विचारले. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आतली वाफ उडून न जाता झाकणाशी जमते आणि ऑईलशी मिसळते. एक लांब फेरी झाल्यावर थर नाहीसा झाला, तर काळजी नको. पण पट्टीवरचे ऑईलही दुधाळ असेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल किंवा काही न घालता पातळी वाढत असेल, तर इंजिन सुरू करू नये आणि गाडी उचलून वर्कशॉपमध्ये न्यावी.