आंब्याच्या फांदीवरची चिरपट्टी अळंबी

श्रोतेहो, नमस्कार. आमच्या परसात आंब्याची एक मोडकी फांदी दोन वर्षं पडून आहे. पाऊस लागला की तिच्या सालीवर पांढुरक्या, राखाडी पंख्यांची रांग उगवते. एकेक पंखा एक ते चार सेंटिमीटरचा. देठ जवळजवळ नाहीच, वर लोकरीसारखी लव, आणि हाताला चामड्यासारखा चिवट. आपण हिला सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो. शास्त्रात हिचं नाव आहे शिझोफायलम कम्यून. ग्रीक भाषेत शिझो म्हणजे चिरणं, फायलॉन म्हणजे पान. कम्यून हे लॅटिन, म्हणजे सगळीकडे दिसणारी. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात ही सापडते.

चीर कुठं आहे? पंखा उलटा करा आणि भिंग धरा. खाली गुलाबीसर पट्ट्या दिसतील, आणि प्रत्येक पट्टी उभी, मधोमध दुभंगलेली. ऊन पडलं की दोन्ही अर्धे भाग बाहेरच्या अंगाला वळतात आणि बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, नाजूक थर आत झाकून घेतात. पुन्हा भिजल्या की सरळ होतात, बीजाणू सोडायला लागतात. मला या अळंबीचं सगळ्यांत जास्त कौतुक या एका गोष्टीचं वाटतं.

याच चिरेनं शास्त्रज्ञांना मात्र फार दमवलं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं खालच्या पट्ट्या पाहून हिला अगॅरिकस या मोठ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं. 1815 साली स्वीडनच्या एलियास फ्रीसनं, तेव्हा तो जेमतेम विशीचा, हिची वेगळी प्रजाती केली. पुढं अभ्यासकांच्या लक्षात आलं की या खऱ्या पट्ट्या नव्हेतच, त्या शेजारशेजारच्या छोट्या वाट्यांच्या कडा आहेत. मग हिला तिथून उठवून पट्ट्या नसलेल्या कठीण बुरशांच्या पंगतीला बसवलं. शेवटी डीएनए तपासला आणि ती अगॅरिकेल्स या गणात, म्हणजे पट्टीवाल्या अळंब्यांच्या मोठ्या गटात, परतली. कुल शिझोफायलेसी, विभाग बेसिडिओमायकोटा. हिच्यात मीलनाचे 23,000 पेक्षा जास्त प्रकार, जणू तितकी लिंगं, आहेत आणि जोडी वेगळ्या प्रकारांची जमते, त्यामुळे दूरच्या दोन बीजाणूंची जोडी बहुधा जमतेच.

युरोप-अमेरिकेतली ओळख-पुस्तकं हिच्यापुढं ‘अखाद्य’ असं लिहितात, चिवटपणामुळं. मणिपुरात मात्र हीच कांगलायेन म्हणून बाजारात येते आणि आवडीनं खाल्ली जाते. वर्गीकरणावरून खाण्याचा अंदाज बांधू नका, हे मी कळकळीनं सांगतो. बाजारातलं बटण मशरूम आणि जीवघेणी अमॅनिटा फॅलॉइडिस, दोघीही याच अगॅरिकेल्स गणातल्या. रानातली कुठलीही अळंबी, ओळख पक्की असल्याशिवाय, तोंडात घालू नये.

पाहायला मात्र जरूर जा. उन्हाळ्यात वाळून आक्रसलेला एखादा पंखा मिळाला तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. काही तासांनी फडकं उघडा आणि खालच्या पट्ट्या बघा.