जाताना आठ तास, येताना सात

दोन शहरांमधलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती, हे दोन्ही प्रश्न आपण एका दमात विचारतो. पहिल्याचं उत्तर ठरलेलं असतं. दुसऱ्याचं दिशेप्रमाणे, ऋतूप्रमाणे, कधी राजकारणाप्रमाणेही बदलतं.

अंतराचं आधी उरकतो. सपाट नकाशावर लंडन आणि लॉस एंजेलिस पट्टीने जोडले, तर रेघ अटलांटिकवरून थेट अमेरिकेत शिरते. विमान मात्र पार वर ग्रीनलंडकडे जातं आणि प्रवाशाला वाटतं, हा बाबा उगाच वळसा का घालतोय? पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणा. दोरा ग्रीनलंडवरूनच जाईल. तोच सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे ८,७५० किलोमीटर.

आता वेळ. लंडन-न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. लंडनहून न्यूयॉर्कला जायला आठेक तास, परतायला सातच्या आसपास. कारण विचारलं की हमखास कुणीतरी म्हणतं, पृथ्वी फिरते ना! पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान नुसतं वर राहिलं आणि जमीन खालून सरकली असती, तर पश्चिमेकडचा प्रवास लवकर संपला असता. होतं नेमकं उलट. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे हा हिशोब मुळातच लागू होत नाही.

खरं कारण वारा. विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांमध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवाकडचा भाग यांच्या तापमानातल्या फरकावर हे झोत पोसलेले असतात. हिवाळ्यात तो फरक वाढतो आणि झोतही जोर धरतात. जपानचे हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल त्यांनी लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगाला कळावा म्हणून! जगाने तो फारसा वाचलाच नाही.

फेब्रुवारी २०२०मध्ये वादळाच्या काळात एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला होता, तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती. भोवतालची हवाच त्याला घेऊन पळत होती.

मग जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो का? नाही, आणि मला यातली हीच गंमत सर्वांत आवडते. लंडन-न्यूयॉर्कचेच ५,५५० किलोमीटर घ्या, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वारा १०० धरा. वाऱ्यासोबत १,०००च्या वेगाने ५ तास ३३ मिनिटं, वाऱ्याविरुद्ध ८००च्या वेगाने ६ तास ५६ मिनिटं. बेरीज १२ तास २९ मिनिटं. वारा नसता तर १२ तास २० मिनिटांत काम झालं असतं. उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो, म्हणून तोटा फायद्याहून मोठा.

राहिलं राजकारण. हेलसिंकी ते टोकियो विमान पूर्वी रशियावरून साडेनऊ तासांत जायचं. २०२२मध्ये ते आकाश बंद झालं, तेव्हा फिनिश विमान कंपनीने उत्तर ध्रुवावरून वळसा घेतला. प्रवास गेला तेरा तासांवर.