पाण्याची धार दिसते, म्हणजे मशीन थंड आहे?

(मालवण तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि बंदरावरून थेट इथं आलेले माझे मित्रहो,

काल या जागी अध्यात्म झालं, उद्या मधुमेह आहे. मधल्या दिवशी जुन्या आऊटबोर्डचं, म्हणजे होडीच्या मागं टांगायच्या इंजिनाचं, थंड करणारं पाणी हा विषय ज्यांनी सुचवला, त्यांची स्वतःची होडी आहे, एवढंच सांगतो. (हशा) नारळी पौर्णिमा तोंडावर आली. 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्यामुळं कित्येकांची मशीनं मांगरात उभी होती. आता ती काढायची, दोरी ओढायची, मागून पाण्याची धार आली की ‘पाणी मारता मा? मग झाला!’ असं म्हणून सुटायचं. या ‘मग झाला’वर माझा राग आहे. त्यासाठीच आलोय.

पण आधी एक गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात ओकॉची नावाचं तळं आहे. 1906च्या उन्हाळ्यात तिथं सहलीला गेलेल्या मंडळींत ओले एव्हिनरूड होता. जन्म नॉर्वेचा, हाताला यंत्रकाम. सोबत बेस, जी पुढं त्याची बायको झाली. तिला आइस्क्रीम खावंसं वाटलं. हा पठ्ठ्या वल्हवत पलीकडच्या काठाला गेला, आइस्क्रीम घेतलं, वल्हवत परत आला. तोवर त्याचं दूध झालं होतं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं म्हणतात, की होडीच्या मागं इंजिन टांगलं तर? 1909मध्ये त्याची दीड अश्वशक्तीची मोटर विक्रीला आली. हिशेब आणि जाहिराती बेसनं सांभाळल्या. पहिल्या रांगेतल्या वहिनींनी हे लक्षात घ्यावं, घरी उपयोगी पडेल. (हशा) एव्हिनरूड नावाची मशीनं थेट 2020पर्यंत निघत होती. आता गंमत अशी, की कॅमेरॉन वॉटरमन नावाचा गृहस्थ त्याच्या आधीपासून अशाच मोटरी विकत होता. पण त्याच्या गोष्टीत आइस्क्रीम नाही, त्यामुळं त्याचं नाव कुणी काढत नाही.

असो. अध्यक्ष घड्याळ बघतायत.

आता माझं दुखणं. आपल्या किनाऱ्यावर मशीन तापलं की एक उपाय ठरलेला असतो: थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापल्यावरच पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाका. एका दुकानात मी काउंटरवर काचेची बरणी पाहिली, तिच्यात काढलेले थर्मोस्टॅट भरलेले. दुकानदार ती अभिमानानं दाखवत होता! अरे बाबा, ज्यानं मशीन बनवलं त्याला तो फुकटचा भाग बसवायची हौस होती का?

तो कशासाठी असतो, ते ऐका. मोटारीतला थर्मोस्टॅट साधारण 80 ते 90 अंशांना उघडतो. आपल्या जुन्या दोन-स्ट्रोक आऊटबोर्डांतला बहुतेक 50 ते 60च्या दरम्यान. इतका लवकर का? कारण आपण रेडिएटरमधलं गोडं पाणी फिरवत नाही, समुद्र फिरवतो. एका लिटरमागं सुमारे 35 ग्रॅम क्षार असलेलं पाणी. ते जितकं तापेल तितका चुनखडीचा थर आतल्या वाटांवर धरतो. म्हणून मशीन थंड हवं, पण फार थंडही नको. सिलिंडर गार राहिला की पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, आत काजळी धरते, संथ गतीत मशीन धडधडतं. मग लोक कार्ब्युरेटर खोलतात! थर्मोस्टॅट नसल्यामुळं कार्ब्युरेटरला शिक्षा.

आणि खरी फसवणूक पुढं आहे. थर्मोस्टॅट काढल्यावर काही दिवस मशीन खरंच तापत नाही. अर्ध्या बुजलेल्या वाटेतून पाणी कसंबसं जात राहतं, दुकानदाराचं नाव होतं, आणि आतला क्षार वाढतच राहतो. त्याहून भारी मंडळी आहेत. हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, तापमानाची जी कळ असते, तिची वायर ती कापून टाकतात. का? तर भोंगा वाजतो, पर्यटक घाबरतात. (हशा) हसू नका, ज्यांनी कापलीय ते इथं बसलेत. मागच्या खांबाजवळ.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, ज्यासाठी बोलावलं ते आता भरभर सांगतो.

पाणी पायाच्या, म्हणजे मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाच्या, जाळीतून आत येतं. वर पंपात रबरी पात्यांचा इंपेलर असतो, दांड्याबरोबर फिरणारा. संथ गतीत पाती डब्याला घासत रहाटाच्या पोहऱ्यांसारखी पाणी उचलतात. वेग वाढला की ती आत दुमडतात आणि पाणी फेकण्यावर काम चालतं. दोन महिने उभं राहिलेलं रबर वाकलेल्या जागीच ताठरतं. पाण्याबाहेर मशीन चालू केलं तर कोरडं घासून काही क्षणांतच पाती जळतात. म्हणून मांगरात ‘फक्त सुरू होतंय का बघतो’ हे बंद. पिंपात लावा, पाणी पंपाच्या वर आलं पाहिजे.

आता धार. बऱ्याच मशीनांत ती थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच निघते. म्हणजे धार जोरात आणि थर्मोस्टॅट बंद अडकलेला, असं होऊ शकतं. उलट, धार नाही म्हणून पंप गेला असंही नाही. त्या बारीक नळीत कुंभारमाशीनं घर केलेलं असतं. आधी तिथं तार घाला, मगच पाय खोला.

धारेवर विसंबण्यापेक्षा हेडचं तापमान मोजा. औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कोरोनात कपाळावर धरायचो ती बंदूक नको, ती तापाच्या आकड्यांपुढं जात नाही. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर नेम चुकतो, तिथं काळी टेप चिकटवून त्यावर धरा.

मग बघायचं, तापतं कधी? फक्त संथ गतीत तापलं आणि वेगात उतरलं, तर इंपेलर किंवा पंपाचा डबा झिजलाय. आपल्या खाडीच्या मुखाशी रेतीतून जाणाऱ्यांचं हे ठरलेलं. फक्त वेगात तापलं, तर जाळीवर प्लास्टिक किंवा जाळ्याचा दोरा, पाण्याच्या नळीचं रबर सुटलेलं, नाहीतर आतल्या वाटा बुजलेल्या. हेडखालची चकती, म्हणजे हेड गॅस्केट, फुटली तर जळलेला वायू पाण्यात शिरतो, तेही वेगातच कळतं. सुरू करून थोड्याच वेळात भडकलं तर थर्मोस्टॅट. तो पातेल्यात टांगा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा. ठरल्या अंशाला उघडला तर त्याची निर्दोष सुटका, परत बसवा. नाही उघडला तर नवा आणा. बरणीत टाकू नका.

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट क्षारानं धरलेले असतात. पान्यावर लोंबकळू नका, आधी गरम करा. वाटा बुजल्या असतील तर व्हिनेगर भरून ठेवा, चुनखडी हळूहळू सुटते. (सभेतून: आगळ चालेल?) आगळ सोलकढीला ठेवा.

वेळ संपली, शेवटचं सांगतो. नवा इंपेलर घालताना दांडा फिरतो त्याच दिशेनं तो फिरवत बसवा, आणि त्याला दांड्याला अडकवणारी छोटी चावी पाडू नका. आणि जुन्याची पाती मोजा. एखादं कमी भरलं तर तो तुकडा वर, पाण्याच्या वाटेत गेलाय. तो शोधून काढल्याशिवाय पाय परत बसवू नका, नाहीतर नव्या पंपाचं पाणी जाऊन त्याच तुकड्यावर अडेल.