मोठे कुरव ओळखायचे कसे? आधी वय, मग प्रजाती

नमस्कार. किनाऱ्यावर मोठ्या कुरवांचा, म्हणजे सीगल्सचा थवा बसलाय. एकाची पाठ स्वच्छ राखाडी, दुसरा अंगभर तपकिरी ठिपक्यांचा, तिसरा अर्धा असा अर्धा तसा. फील्ड गाइड उघडून लगेच चित्रं जुळवायला लागलात, तर गोंधळ ठरलेला. तिघंही एकाच प्रजातीचे असू शकतात! मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात आणि दर वर्षी रूप बदलतं. म्हणून आधी वय ठरवायचं.

पहिल्या हिवाळ्यात चोच जवळजवळ काळी, डोळा गडद, शेपटीला रुंद काळा पट्टा आणि पंखांच्या टोकाची पिसं निमुळती. दुसऱ्या हिवाळ्यात चोचीचं मूळ फिकट होतं, पाठीवर राखाडी पिसं डोकावायला लागतात, पंखांची टोकं गोलसर होतात. तिसऱ्यात पाठ राखाडीच, पण पंखांवर तपकिरी छटा आणि शेपटीत काळे डाग शिल्लक. पिल्लांच्या पायांवर मात्र विसंबू नका. लेसर ब्लॅक-बॅक्ड गलचे पाय प्रौढपणी पिवळे असले, तरी लहानपणी ते हेरिंग गलसारखेच गुलाबीसर असतात.

आता प्रौढ पक्षी. पाठीचा राखाडी रंग किती गडद, हे फार महत्त्वाचं आणि फार फसवं. पक्षी जरा वळला की छटा बदलते. कडक उन्हात, किंवा फोटो जास्त उजळ आला, तर गडद पाठही फिकट भासते. ढगाळ प्रकाश सगळ्यात चांगला. तुलना करायची ती शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या कुरवाशी. आकारावरूनही घाई नको, कारण नर मादीपेक्षा चांगलाच थोराड असतो.

खरा पुरावा पंखाच्या टोकाला असतो. उड्डाणाची दहा लांब पिसं, म्हणजे प्रायमरीज, आतून बाहेर मोजायची: सगळ्यात बाहेरचं पी-१०. काळा रंग आत कितव्या पिसापर्यंत पोचलाय आणि पांढरे ठिपके कुठे आहेत, ते बघा. यलो-लेग्ड गलच्या पी-५ वरही सहसा सलग काळा पट्टा असतो. कॅस्पियन गलच्या पी-१० वर आतल्या कडेने लांब फिकट पट्टी काळ्या भागात खोलवर शिरते. खालून ती चंदेरी दिसते. तोच पक्षी बसलेला असेल तर लांबट, सरळसोट चोच, छोटा गडदसर डोळा आणि उंच पाय बघा.

पण ही पिसं जुनी झालेली असली तर? मेलॅनिन या गडद रंगद्रव्यामुळे काळा भाग टिकतो. पांढरा लवकर झिजतो. त्यामुळे हंगामाच्या शेवटी टोकांचे पांढरे ठिपके निघून गेलेले असतात, आणि नेमक्या त्या खुणेवर तुम्ही निर्णय देत असता. पिसं बदलत असताना दुसरी अडचण: बदल पी-१ पासून बाहेर सरकतो, त्यामुळे पी-९ आणि पी-१० शेवटी येतात. तोवर पंख आखूड, बोथट दिसतो आणि टोकाच्या खुणा अर्धवट असतात.

हाच पिसबदल कामालाही येतो. उत्तर गोलार्धात फेब्रुवारीतही प्रौढाची बाहेरची पिसं वाढतच असतील, तर हेरिंगपेक्षा ह्यूग्लिन गलची शक्यता जास्त. एवढ्यावर शिक्कामोर्तब करू नका. पाठीचा गडदपणा आणि पिवळसर पाय जुळतात का, तेही तपासा.

आणि संकर होतात. हेरिंग आणि कॅस्पियन गल एकमेकांशी वीण करतात, हेरिंग आणि ग्लॉकस गलही. खुणा एकमेकींशी भांडत असतील तर नोंदीत "मोठा कुरव, दुसरा हिवाळा, प्रजाती अनिश्चित" असंच लिहा. ती नोंद पूर्णपणे योग्य आहे, ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी.

फोटो मात्र पूर्ण घ्या: बाजूने उभा पक्षी, पंखाची वरची बाजू, खालची बाजू, पसरलेली शेपटी. एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर पांढऱ्यातला तपशील जातो. उडण्याची वाट बघत बसायची गरज नाही. कुरव आंघोळ करत असेल तर कॅमेरा त्याच्यावरच धरून ठेवा. आंघोळ संपली की तो पंख उघडून झाडतो, आणि पी-१० दोन्ही बाजूंनी दिसतं.