राणीच्या भाषणानंतर काय?

(दृश्य: लंडनमधला निवासी रस्ता. दुकानांची शटरं खाली. ओल्या फुटपाथवर कोणी नाही. एका खिडकीत टीव्हीचा निळसर उजेड.)

25 डिसेंबर. आज लंडनची भुयारी रेल्वे बंद. बसही नाही. दुकानांना कुलपं. बाहेर चार वाजायच्या आतच अंधारून येतं.

घरात दुपारचं जेवण झालंय. टर्की, भाजलेले बटाटे, आणि सगळ्यांनी नाक मुरडत एकेक खाल्लेले कोबीचे चिमुकले गड्डे. आजी खुर्चीत पेंगते आहे, पोरं नव्या खेळण्यांवरून भांडतायत, जावई सोफ्यावर पसरलाय. तीन पिढ्या, एक खोली आणि एक टीव्ही. कोणाला कुठे जायचं नाही, आणि जायचं म्हटलं तरी जाता येत नाही.

टीव्हीवाल्याला आणखी काय हवं?

(दृश्य: जुनं चित्रण. लाकडी पेटीतला टीव्ही, त्यावर कागदी पताका.)

1955 च्या सप्टेंबरपर्यंत ब्रिटनमध्ये टीव्ही म्हणजे बीबीसी. 22 सप्टेंबरला जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही सुरू झाली आणि त्याच रात्री बीबीसीने आपल्या रेडिओवरच्या लाडक्या मालिकेतली एक नायिका आगीत मारून टाकली. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा! त्या वर्षीच्या ख्रिसमसला आयटीव्ही फक्त लंडन आणि आसपास दिसत होती, तीही ज्यांनी छपरावर नवी अँटेना बसवली होती त्यांनाच. तरी त्या दिवसापासून एक प्रश्न कायमचा उभा राहिला: सणाच्या दिवशी घरातलं बटण कोणत्या बाजूला फिरणार?

या दिवसाच्या वेळापत्रकात एक खुंटी मात्र पक्की ठोकलेली आहे. दुपारी तीनला राजघराण्याचं भाषण. पंचम जॉर्ज 1932 मध्ये रेडिओवरून बोलले. राणी एलिझाबेथ 1957 मध्ये सँड्रिंगहॅमच्या वाड्यातून पहिल्यांदा टीव्हीवर दिसल्या. भाषण तेच, चित्रण तेच, दोन्ही वाहिन्यांवर एकाच वेळी. तरीही बहुतेक लोक ते बीबीसीवरच बघत आले. सत्तरच्या दशकात रिमोट कुठे होता? वाहिनी बदलायची तर कोणीतरी उठून टीव्हीपर्यंत जायला हवं, आणि पोटभर जेवल्यावर ते कोण उठणार?

म्हणजे खरी लढाई राणीच्या आधी आणि नंतर. पावणेतीनला जो घरात शिरला, तो रात्री अकरापर्यंत मुक्काम ठोकू शकतो. आपल्याकडे वाहिन्यांमध्ये ज्याला ‘एफपीसी’ म्हणतात, म्हणजे दिवसभरात कुठल्या मिनिटाला काय, तो तक्ता. ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरचा हा तक्ता महिनोन् महिने आखला जायचा आणि समोरच्याला सुगावा लागू नये म्हणून जपला जायचा.

पण अंक छापखान्यात गेला की गुपित संपलं.

(दृश्य: ‘रेडिओ टाइम्स’च्या जुन्या अंकांची चळत. एक हात पानं उलटतो.)

हा ‘रेडिओ टाइम्स’. बीबीसीने 1923 मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक. आणि हा त्याचा प्रतिस्पर्धी, ‘टीव्ही टाइम्स’. गंमत अशी, की 1991 च्या मार्चपर्यंत रेडिओ टाइम्समध्ये आयटीव्हीचे कार्यक्रम नसायचे आणि टीव्ही टाइम्समध्ये बीबीसीचे. ज्याची वाहिनी, त्याच्याच हक्काचं वेळापत्रक. त्यामुळे ख्रिसमसला दोन्ही अंक विकत घ्यायचे, शेजारी शेजारी उघडून ठेवायचे, आणि पेनाने गोल करत बसायचं.

1969 पासून रेडिओ टाइम्सचा ख्रिसमस ते नववर्ष असा जोडअंक निघू लागला. आपल्याकडे दिवाळी अंकाचं जे कौतुक, तेच तिथे या अंकाचं. फरक इतकाच, की आपण अंकात कथा वाचतो आणि ते अंकात वेळ वाचतात. 1988 च्या जोडअंकाच्या 1 कोटी 12 लाख 20 हजार 666 प्रती खपल्या. ब्रिटनमध्ये कुठल्याही नियतकालिकाचा एकच अंक इतका कधी खपलेला नाही. आणि हा अंक म्हणजे काय, तर कुठे, किती वाजता, काय लागणार याची यादी!

(दृश्य: स्टुडिओतला लाल पडदा. त्यापुढे दोन विनोदवीर, एक उंच, चष्मेवाला, दुसरा बुटका.)

या लढाईतले बीबीसीचे हुकमाचे पत्ते म्हणजे ही जोडी. एरिक मोरकम आणि अर्नी वाइज. सत्तरच्या दशकात त्यांचा ख्रिसमसचा कार्यक्रम चुकवणं म्हणजे घरी गणपती बसलेला असताना आरतीला दांडी मारण्यासारखं होतं.

त्यांची युक्ती साधी होती. प्रतिष्ठित माणूस बोलवायचा आणि त्याची इभ्रत प्रेमाने धुळीला मिळवायची. 1976 चा ख्रिसमस घ्या. बीबीसीच्या रात्रीच्या बातम्या देणाऱ्या अँजेला रिपन. देशाने त्यांना कायम टेबलामागेच पाहिलेलं, कमरेपासून वर. त्या रात्रीही त्या टेबलामागे बसून, चेहरा गंभीर ठेवून बोलतायत. आणि अचानक टेबल दुभंगतं. बाई उठतात. त्यांना पाय आहेत! नुसते आहेत असं नाही, ते डोक्याच्या उंचीपर्यंत जातात. आपल्या दूरदर्शनवर मराठी बातम्या देणाऱ्या बाईंनी त्याच गंभीर चेहऱ्याने उठून लावणीचा ठेका धरला असता तर घराघरांत जे झालं असतं, ते तिथे झालं.

पुढच्या वर्षी, 25 डिसेंबर 1977 ला, कळस झाला. बीबीसीवर आधी नकलाकार माइक यारवुड, आणि त्यांच्यामागून मोरकम-वाइज. बीबीसीने जाहीर केलं: 2 कोटी 80 लाख प्रेक्षक. देशाची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेपाच कोटी. म्हणजे निम्मा देश.

आता जरा थांबू या. कारण हा आकडा कोणाचा?

(दृश्य: हातात कागदाची पाटी घेऊन दारात उभी बाई. मग, टीव्हीला जोडलेली छोटी पेटी.)

त्या काळात दोन्ही बाजूंचे काटे वेगळे होते. बीबीसीची माणसं रोज लोकांना गाठून विचारत, ‘काल काय काय पाहिलंत?’ आयटीव्हीकडे काही निवडक घरांतल्या टीव्हींना मीटर बसवलेले होते, टीव्ही कधी आणि कशावर लावला होता हे टिपणारे. आता माणसाला विचारलं तर तो आठवून सांगणार, शेजाऱ्याने काय पाहिलं तेही त्यात मिसळणार. आणि मीटर? तो टीव्ही चालू आहे एवढंच सांगणार, समोर आजी जागी आहे की घोरतेय ते नाही. परिणाम ठरलेला. सण झाला की दोघंही आपापला आकडा घेऊन वर्तमानपत्रांकडे धावत. विहिणी-विहिणींचं भांडण, आणि दोघी जिंकलेल्या.

1977 च्या त्याच कार्यक्रमाचा दुसरा आकडा निघतो 2 कोटी 13 लाख. आणि त्या मोजणीत माइक यारवुड एका लाखाने पुढे! तरी लोकांच्या आठवणीत राहिला तो 2 कोटी 80 लाखांचाच आकडा आणि मोरकम-वाइजच. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एकच तराजू, ‘बार्ब’ नावाची संस्था, 1981 मध्ये आली.

पण आयटीव्हीने तराजूची वाट पाहिली नाही. 1978 मध्ये तिच्या लंडनच्या कंपनीने, थेम्स टेलिव्हिजनने, मोरकम-वाइजनाच उचललं. पैसा होता, शिवाय सिनेमात काम करायची आशा दाखवली होती. बीबीसीचा दागिनाच गेला.

आणि त्याच डिसेंबरात बीबीसीवर आणखी एक संकट कोसळलं. पगारवाढीसाठी कर्मचाऱ्यांचा संप. 21 डिसेंबरला पडदे काळे. सणाला चार दिवस. तेव्हाच्या मजूर पक्षाच्या सरकारने पगारवाढीला 5 टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. पण बीबीसीविना ख्रिसमस? ते धाडस कोणाला होणार? 22 तारखेला तोडगा निघाला, आणि 5 टक्क्यांच्या पुष्कळ वर निघाला. संपासाठी मुहूर्त निवडावा तर असा.

इकडे आयटीव्हीवर एरिक आणि अर्नी तसेच आले, पडदाही तसाच. पण वर्षानुवर्षं त्यांचे विनोद लिहिणारा एडी ब्रेबन सुरुवातीला त्यांच्याबरोबर गेला नव्हता. पुढे एरिकच्या हृदयानेही साथ दिली नाही, आणि 1984 मध्ये तो गेला. थेम्समधले ते कार्यक्रम वाईट नव्हते. पण आजही ब्रिटनमध्ये ख्रिसमसला त्यांचे जुने भाग लागतात, तेव्हा लोकांना आठवतात ते बीबीसीचेच.

(दृश्य: पबचा दरवाजा. आत ख्रिसमसच्या माळा. काउंटरवर पाकीट.)

ऐंशीच्या दशकात हसवण्याची सद्दी संपून रडवण्याची आली.

बीबीसीची ‘ईस्टएन्डर्स’ 1985 च्या फेब्रुवारीत सुरू झालेली. पूर्व लंडनमधला पब, तो चालवणारे डेन आणि अँजी हे नवरा-बायको. नवरा बाहेरख्याली. तो सोडून जाऊ नये म्हणून अँजीने थाप मारलेली असते, की मी सहा महिन्यांची सोबतीण आहे. ती थाप डेनच्या कानावर येते. तो काही बोलत नाही. ख्रिसमसपर्यंत थांबतो.

25 डिसेंबर 1986. डेन तिच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवतो आणि म्हणतो, ‘हॅपी ख्रिसमस, अँज.’

पुन:प्रक्षेपण धरून 3 कोटी 1 लाख 50 हजार लोकांनी ते पाहिलं. ब्रिटनमधल्या मालिकांच्या इतिहासात याच्यावर आकडा नाही.

आयटीव्हीचं उत्तर पुढच्या ख्रिसमसला आलं, आणि माझ्या मते ते अधिक शहाणपणाचं होतं. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही त्यांची 1960 पासूनची मालिका. तिच्यातली हिल्डा ऑग्डेन, डोक्याला कायम कर्लर लावलेली मोलकरीण, भिंतीवर चिनी मातीची उडती बदकं टांगणारी. 1987 च्या ख्रिसमसला ती गल्ली सोडून जाते. ना मृत्यू, ना मारामारी. पबमध्ये सगळ्यांसमोर एक गाणं म्हणते आणि निघते. प्रेक्षक अडीच कोटींहून जास्त.

पण मालिकावाल्यांनी धडा घेतला तो डेनचा. तेव्हापासून ख्रिसमसला कोणीतरी मरतं, कोणाचं तरी लफडं उघडं पडतं, लग्न मोडतं. 2012 मध्ये आयटीव्हीच्या ‘डाउनटन ॲबी’ने तर बाळाचं तोंड पाहून परतणाऱ्या नायकाला ख्रिसमसच्या रात्री मोटार अपघातात मारलं. पुडिंग खाता खाता लोक हळहळले, आणि चिडलेही.

(दृश्य: वीजग्रिडचा नियंत्रण कक्ष. पडद्यावर आलेख. कोपऱ्यात टीव्ही.)

या स्पर्धेचा तिसरा हिशेब वीजवाल्यांकडे असतो. लोकप्रिय कार्यक्रम संपला की लाखो घरांत एकाच मिनिटाला चहाची विजेची किटली चालू होते. म्हणून ग्रिडचे अभियंते कार्यक्रमांचं वेळापत्रक जवळ ठेवतात. आयटीव्हीवर चहा जाहिरातीत होतो; बीबीसीवर जाहिराती नाहीत, त्यामुळे सगळ्या किटल्या कार्यक्रम संपेपर्यंत दम धरतात. वेल्समध्ये डोंगर पोखरून बांधलेलं डिनॉर्विगचं जलविद्युत केंद्र अशा वेळेसाठी तयार ठेवलेलं असतं. वरच्या तलावातलं पाणी खाली सोडायचं, की काही सेकंदांत वीज.

(दृश्य: बंद दुकानाची काच. आत ‘सेल’ची पाटी.)

आता जरा पैशाचं बोलू. गेल्या वीसेक वर्षांत 25 डिसेंबरच्या पहिल्या दहा कार्यक्रमांची यादी काढली, तर बहुतेक वर्षी तिच्यावर बीबीसीचंच राज्य दिसतं. आयटीव्हीला जमत नाही, असं वाटेल. पण आयटीव्ही कशावर जगते? जाहिरातींवर. दुकानदार जाहिरात कधी करणार? नोव्हेंबरात, डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत. 25 ला खेळणी विकून झालेली असतात, दुकानं बंद असतात. त्या दिवशी उरतात त्या सेलच्या आणि उन्हाळ्याच्या सहलींच्या जाहिराती. दिवाळीच्या पाडव्याला रात्री उटणं विकायला कोण बसेल? आयटीव्हीचा धंदा सणाच्या आधीच झालेला असतो.

बीबीसीचं उलट. तिला प्रत्येक टीव्हीवाल्या घराकडून परवाना शुल्क मिळतं. 2025 मध्ये ते वर्षाला 174.50 पौंड होतं. ‘आम्ही हे का भरायचं?’ हा प्रश्न बारमाही. त्याला उत्तर देण्यासाठी अख्खा देश घरी बसलेल्या दिवसासारखा दुसरा दिवस नाही. म्हणून वर्षभराची राखून ठेवलेली मिठाई ती आज काढते. एकाला आज जिंकणं भागच आहे, दुसऱ्याला आज हरणं परवडतं.

चॅनल फोरने तर हा आखाडाच नाकारला. 1993 पासून राजघराण्याच्या भाषणाच्या दिवशी ते आपलं वेगळं ‘पर्यायी भाषण’ दाखवतात.

(दृश्य: सोफ्यावर चार माणसं, चार पडदे.)

आणि मग 25 डिसेंबर 2007. त्याच दिवशी बीबीसीने आपली ‘आयप्लेअर’ सेवा रीतसर सुरू केली: चुकलेला कार्यक्रम केव्हाही बघा. ज्या दिवसाचा सगळा दरारा ‘आत्ता नाही तर नाही’ यावर उभा होता, तोच मुहूर्त.

तरी 2024 च्या ख्रिसमसला बीबीसीवर ‘गॅव्हिन अँड स्टेसी’चा शेवटचा भाग लागला, तेव्हा त्याच रात्री 1 कोटी 23 लाख लोक टीव्हीसमोर बसले होते. नंतर सवडीने पाहणारे मिळवले, की आकडा पावणेदोन कोटींच्या वर जातो.

(दृश्य: जुन्या पुस्तकांचं दुकान. 1988 चा जोडअंक. कॅमेरा पानाजवळ जातो.)

1988 चा तो अंक आजही स्वस्तात मिळतो. एक कोटीच्या वर प्रती छापल्यावर तो दुर्मीळ कसा होणार? जुन्या अंकांत खुणा असतात. कुठे निळ्या शाईचा गोल, कुठे लाल. एकाच वेळेसमोर दोन गोल असले, की समजायचं घरात भांडण झालं होतं. मग त्यातला एक खोडलेला असतो, आणि समासात कोणीतरी लहान अक्षरात लिहिलेलं असतं: व्हिडिओवर घ्या.