गुरूच्या घरातला थोरला भाऊ

नमस्कार मंडळी. घरात कुणी अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघणारं असेल तर 'सेनपाई' हा शब्द तुमच्या कानावरून गेलाच असेल, शाळा-कॉलेजातला आपला सिनियर म्हणजे सेनपाई. शब्द जपानी आहे पण अक्षरं चिनी, आणि चीनमध्ये थांग राजवटीत (६१८ ते ९०७) ती भलत्याच लोकांच्या तोंडी होती. दरबारी नोकरीसाठी जी अवघड परीक्षा असायची, तिथली मंडळी एकमेकांना मान देऊन 'श्येनपेय' म्हणायची, म्हणजे आपल्या आधीच्या फळीतले. खरंच कोण आधीचा, कोण नंतरचा ते कुणी मोजत नव्हतं, समोरच्याला मोठेपणा द्यायचा एवढंच. आणि एकाच वर्षी पास झालेले ते 'थोंगन्येन', आपण बॅचमेट म्हणतो तसंच.

पण मला सगळ्यात आवडतो तो 'शीश्योंग'. शी म्हणजे गुरू, श्योंग म्हणजे थोरला भाऊ. मग थोरली बहीण शीज्ये, धाकटा भाऊ शीदी, धाकटी बहीण शीमेय. आपल्याकडे गुरुबंधू हा शब्द आहेच की, पण गुरुबंधू म्हटल्यावर तो थोरला की धाकटा ते कळत नाही, चिनी माणसाला मात्र ते तोंड उघडतानाच ठरवावं लागतं! चीनमध्ये जुनी म्हण आहे, एक दिवस गुरू तो जन्मभराचा बाप. आता गुरू बाप झाला म्हटल्यावर शिष्य आपोआप भावंडं झाली ना. 'दीझ', म्हणजे शिष्य, हा शब्द कन्फ्यूशियसच्या वेळेपासूनचा, त्याची दोन अक्षरंच धाकटा भाऊ आणि मूल अशी आहेत.

यातली गंमत अशी की इथे वय चालत नाही. कुंगफूच्या आखाड्यात जो आधी आला तो थोरला, म्हणजे तीस वर्षांचा माणूस आज शिष्य झाला आणि अठरा वर्षांची मुलगी गेल्या वर्षीपासून शिकत असेल तर ती त्याची शीज्ये, ताईच म्हणायचं तिला. बौद्ध मठातही शीश्योंग म्हणतात, आणि आज युनिव्हर्सिटीत एकाच गाइडकडे पीएचडी करणारी मुलंही हेच शब्द वापरतात.

कॉलेजातल्या साध्या सिनियरला मात्र 'श्युएजांग' म्हणतात, मुलगी असेल तर 'श्युएज्ये'. श्युएजांगमधलं जांग म्हणजे मोठा, प्रमुख, आणि पूर्वी हे चक्क पद होतं. सोंग राजवटीत, १०५४ साली, आजच्या शीआन शहरातल्या एका सरकारी शाळेचे नियम दगडात कोरले होते, त्यात लिहिलंय की मुलांमधूनच दोन ते चार श्युएजांग निवडायचे, त्यांनी बाकीच्यांना शिकवायचं आणि चुकाही बघायच्या. पुढे १९१७ मध्ये त्साय युआनपेय पेकिंग युनिव्हर्सिटीचे कुलगुरू झाले, त्यांनी लेखक-संपादक छन तूश्यूंना बोलावून घेतलं ते कला शाखेचे श्युएजांग म्हणून, म्हणजे सरळ डीनच.

आणि आता सप्टेंबरात कॉलेज सुरू झालं, नवी पोरं गाठोडी-बॅगा घेऊन गेटवर आली की पुढे होऊन बॅग उचलणारा, होस्टेल कुठंय ते दाखवणारा सेकंड इयरचा पोरगा, तोच श्युएजांग.